जिभा

आमच्या बेटावर मार्च महिन्यात
शाळा सुटली की पोरं जिभा कापतात.
कॉडचं डोकं सळईवर टोचायचं, खाली ओढायचं,
सुरी फिरवायची. जीभ बादलीत, डोकं ढिगात.
नऊ वर्षांची असताना मी संध्याकाळपर्यंत चार बादल्या भरायचे.
योस्टाइन, माझा भाऊ, जेमतेम दोन.
त्याला प्रत्येक माशाच्या डोळ्यात बघायची खोड होती.

जिभेला हाड नसतं
हे मला तेव्हाच कळलं, हातानं.

पुढे कविता लिहू लागले.
कसं सुचतं असं कुणी विचारलं तर सांगायचे,
लोफोटेनला मासा वाळवतात, तसं.
मीठ लावायचं नाही.
शेपट्या बांधून जोडीजोडीनं दांड्यावर टांगायचं
आणि वाऱ्यावर सोपवून घरी यायचं.
थंडी फार पडली तर मांस आतून फुटतं,
ऊब लवकर आली तर माशी बसते.
घटस्फोट मी सहा वर्षं टांगून ठेवला,
चार ओळी मिळाल्या. त्यातली एक बरी.

हे बोलायला छान वाटायचं.
लोक वहीत उतरवून घ्यायचे.

मग आईची कविता झाली.
आई गेली ती सकाळच्या बोटीनं, दक्षिणेकडे,
निळा कोट, एक पेटी,
धक्क्यावर बाबा मासे मोजत उभे, मोजणं न थांबवता,
आणि बाजूला मी,
ओठांत शिट्टी धरलेली, न वाजवलेली.

स्वोल्वेरच्या वाचनालयात ती वाचली.
तीस खुर्च्या, एकोणीस माणसं, ओल्या लोकरीचा वास.
एक बाई रडली. खरं सांगते, मला बरं वाटलं.
शेवटच्या रांगेत योस्टाइन,
कामावरच्याच रबरी बुटांत.
बाहेर गाडीशी आल्यावर म्हणाला,
"कोट तपकिरी होता."
मग बराच वेळ काचेवरचा बर्फ खरवडत राहिला.
"आणि तू नव्हतीस तिथे. तू बोडोला होतीस, मावशीकडे,
दातांना तार बसवायला.
शिट्टी माझी होती.
मीच सांगितलं तुला, त्या हिवाळ्यात,
दिवा घालवल्यावर."

उचलली जीभ
ती टाळ्यालाच चिकटली.

चाळीस वर्षं तो धक्का माझ्या पायाखाली होता.
गारठा, डिझेल, शिट्टीच्या पत्र्याची चव.
चव तरी तू सांगितली होतीस का, मी विचारलं.
"नाही," म्हणाला.
गाडीत बसला, काच खाली केली.
"पण होती तशीच. गंजलेली."

त्या रात्री कोट तपकिरी केला.
निळा जिथून अलगद उतरायचा
तिथे तपकिरी अडखळतो. अडखळू दिला.
मग स्वतःला काढलं. नवल वाटावं इतकं सोपं गेलं.
माझ्या जागी भावाला उभं करणार
तर त्याचा फोन. "मलाही नको ठेवूस."
बाबांचं काही नाही, ते गेले.
आईला विचारायला हवं. ती बर्गनला असते,
ब्याऐंशीची, फोनवर हवेबद्दल बोलते.
अजून विचारलेलं नाही.

आता कवितेत बोट आहे, मोजणं आहे,
आणि बर्फाळ पाऊस पडून गेल्यावर धक्क्यावर उरलेली
दोन लहान पावलांएवढी कोरडी जागा.
कुणाची, ते लिहिलेलं नाही.

योस्टाइनला पाठवली.
आठवड्यानं एक ओळ आली.
"लहान नाही. घाईत बाबांचे जुने बूट घातले होते मी."

हे मला माहीत नव्हतं.
हे त्यानं लिहायला दिलं
की नुसतंच सांगितलं,
विचारायला हवं.